व्हीसीटीचे शेअर विकायचे आहेत, पण ॲपवरच्या भावाला नाही

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही २०१० पासून रेडिंगला आहोत. या डिसेंबरात कायमचे पुण्याला परततोय. घर विकलं, गाडीला गिऱ्हाईक आलंय, अडकलंय ते एवढंच. एका सल्लागाराच्या सांगण्यावरून मी मार्च २०१८ मध्ये एका व्हेंचर कॅपिटल ट्रस्टमध्ये (व्हीसीटी, म्हणजे लहान कंपन्यांत पैसे गुंतवणारा ट्रस्ट) २० हजार पौंड टाकले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याच ट्रस्टमध्ये आणखी १५ हजार. दोन्ही वेळा गुंतवलेल्या रकमेच्या ३० टक्के आयकर परत मिळाला. जुने साधारण १९ हजार शेअर कागदी सर्टिफिकेटवर आहेत, नवे ऑनलाइन खात्यात. लाभांश रोख न घेता त्याचे शेअरच घेत आले. ट्रस्टच्या वेबसाइटवर एनएव्ही (एका शेअरमागची निव्वळ मालमत्ता) ७८ पेन्स दिसते, ॲप मात्र ६९ दाखवतं, आणि ‘फोन करा’ म्हणतं. सल्लागार म्हणतो, जुने विकून त्याच ट्रस्टच्या नव्या इश्यूत टाका. दीर म्हणतात, सगळं आत्ताच विकून मोकळे व्हा, भारतात गेल्यावर टॅक्सची कटकट नको. त्यात मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला, तो ९५ पेन्सने घ्यायला तयार आहे! कोणाचं ऐकू?
– एक वाचक, रेडिंग

उत्तर : आधी दिरांना थांबवा. सल्लागाराला त्याहून आधी. फोनवाल्याकडे शेवटी येते.

तुमच्याकडे एकाच ट्रस्टचे दोन वेगळे गठ्ठे आहेत आणि दोघांचं वेळापत्रक वेगळं आहे, कारण आयकराची सूट टिकवायला शेअर पाच वर्षं धरावे लागतात. २०१८ चा गठ्ठा मोकळा आहे, तो आत्ता विकायचा. २०२३ चा गठ्ठा जानेवारी २०२८ पर्यंत बांधलेला आहे, तो पुण्यात बसून विकायचा. आणि दोन्ही वेळा ॲपवर दिसणाऱ्या भावाने विकायचे नाहीत.

मुळात ॲपवर ६९ का दिसतात? व्हीसीटीचा शेअर लंडन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदलेला असतो, त्यामुळे तो बार्कलेज किंवा टेस्कोच्या शेअरसारखा बटण दाबून विकता येईल असं वाटतं. पण तुमचा शेअर बाजारात विकत घेणार कोण? नव्या इश्यूत पैसे टाकणाऱ्याला सरकार आयकरात सूट देतं. तोच शेअर तुमच्याकडून घेणाऱ्याला ती सूट मिळत नाही. लाभांश करमुक्त आणि विक्रीचा नफाही करमुक्त, एवढं त्याला मिळतं, पण मुख्य आमिषच नाही. म्हणून गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. आतल्या कंपन्या लहान, बहुतेक बाजारात न नोंदलेल्या. त्यांची किंमत ट्रस्टचे व्यवस्थापक ठरावीक काळाने ठरवतात आणि त्यावरून एनएव्ही निघते. बाजारातला मार्केट मेकर (स्वतः शेअर घेऊन-विकून भाव सांगणारा व्यापारी) अशा शेअरला हात लावताना स्वतःची सोय आधी पाहतो आणि भाव पाडून सांगतो. ६९ हा तो भाव.

खरं गिऱ्हाईक ट्रस्ट स्वतःच असतं. बहुतेक व्हीसीटी आपलेच शेअर परत विकत घेतात आणि रद्द करतात. याला सगळे ‘बायबॅक’च म्हणतात. संचालक मंडळाचं त्याबाबत एक धोरण असतं, वार्षिक अहवालात छापलेलं : ताज्या एनएव्हीपेक्षा अमुक टक्के कमी भावाने आम्ही शेअर परत घेऊ. पुष्कळ ट्रस्टमध्ये ही कपात ५ टक्क्यांच्या आसपास असते, काहींत १० पर्यंत जाते. तुमच्या ट्रस्टची ५ टक्के धरली तर ७८ चे ७४.१ पेन्स होतात. ६९ आणि ७४.१ मधला फरक १९ हजार शेअरांवर ९६९ पौंड. ‘फोन करा’ म्हटल्यावर लोकांना वैताग येतो. या हिशेबात तो फोन महिन्याच्या वीजबिल-गॅसबिलांपेक्षा कितीतरी जास्त कमावून देतो.

फोन कोणाला करायचा, तर तुमच्या ब्रोकरच्या डीलिंग डेस्कला, म्हणजे फोनवर सौदे करणाऱ्या विभागाला. ट्रस्ट तुमच्याकडून थेट शेअर घेत नाही. ट्रस्टने नेमलेला एक ब्रोकर असतो, तो मध्ये उभा राहतो. बऱ्याच व्हीसीटींसाठी हे काम पॅनम्युर लिबेरम ही संस्था करते. तुमच्या ट्रस्टचा कोण आहे ते वार्षिक अहवालाच्या शेवटच्या पानांवर, ऑडिटर आणि रजिस्ट्रारच्या (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) नावांशेजारी सापडेल. तुमचा ब्रोकर त्यांना विचारतो, ‘१९ हजार आहेत, पुढचं बायबॅक कधी, भाव काय?’ तुम्ही डेस्कवरच्या माणसाला सरळ सांगा : मला बाजारभावाने विकायचे नाहीत, ट्रस्टच्या ब्रोकरशी बोलून बायबॅकला द्यायचे आहेत, आणि अमुक पेन्सच्या खाली सौदा करू नका. ती खालची मर्यादा सांगायला विसरू नका. व्हीसीटीचे व्यवहार क्वचित होतात, त्यामुळे डेस्कवरच्या नव्या पोराने कधी हे केलेलं नसण्याची शक्यता बरीच. तो ‘बाजारात टाकून देतो’ म्हणाला तर थांबवा आणि ज्याला माहीत आहे त्याला बोलवायला सांगा. दलाली किती तेही तेव्हाच विचारा. फोनवरच्या सौद्याला ती ऑनलाइनपेक्षा जास्त पडते.

दर दिवशी बायबॅक होत नाही. काही ट्रस्ट महिन्याला करतात, काही तिमाहीला, काहींचा नेमच नसतो. आणि निकाल जाहीर व्हायच्या आधीचे साधारण ३० दिवस हा बंद काळ असतो. कंपनीच्या आतली माहिती संचालकांना माहीत आणि तुम्हाला नाही, अशा वेळी कंपनीने आपलेच शेअर घेणं नियमांत अडकतं. म्हणून ‘मी फोन केला, पण कोणी घेतच नाही’ ही तक्रार बऱ्याचदा फक्त तारखेची असते. नवी एनएव्ही जाहीर झाली, निकाल आले, की त्यानंतरचे आठवडे हा तुमचा मोसम.

तुमच्या ट्रस्टची सवय तपासायला एक चांगली जागा आहे. लंडन स्टॉक एक्स्चेंजच्या वेबसाइटवर ट्रस्टचं नाव टाका आणि त्याच्या घोषणांची यादी उघडा. त्यात ‘ट्रान्झॅक्शन इन ओन शेअर्स’ अशा मथळ्याच्या घोषणा शोधा. प्रत्येक बायबॅकनंतर ट्रस्टला ती करावीच लागते : किती शेअर घेतले, कोणत्या तारखेला, किती पेन्सने. गेल्या दोन वर्षांच्या वाचा. अर्ध्या तासात कळेल की तुमचा ट्रस्ट कोणत्या महिन्यांत घेतो, छापलेलं ५ टक्क्यांचं धोरण पाळतो का, आणि मधे कधी हात आखडता घेतलाय का. सल्लागाराच्या माहितीपत्रकापेक्षा मला ही यादी जास्त खरी वाटते, कारण ती पैसे दिल्यानंतर लिहिलेली असते.

मात्र बायबॅक हा तुमचा हक्क नाही, हे पक्कं धरून चला. मंडळाला वाटेल तेव्हा ते थांबवता येतं : पैसे कमी पडले, दुसऱ्या ट्रस्टमध्ये विलीनीकरण चाललं असलं, मूल्यांकन डळमळलं. एनएव्हीसुद्धा दगडावरची रेघ नव्हे. ऑक्टोपस टायटन हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा ट्रस्ट. २०२१ च्या अखेरीस त्याची एनएव्ही शंभर पेन्सच्या वर होती आणि पुढच्या काही वर्षांत तंत्रज्ञान कंपन्यांचे भाव कोसळले तशी तीही बरीच खाली आली. म्हणून जो गठ्ठा मोकळा आहे आणि ज्याची तुम्हाला गरज नाही, तो ‘एनएव्ही ८५ झाली की विकू’ म्हणत धरून ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. पाच वर्षं झाली, सूट पचली, आता तो शेअर फक्त लाभांशासाठी ठेवायचा असतो. आणि तुम्ही तर देश सोडताय.

लाभांशावरून आठवलं. विकायच्या आधी एक्स-डिव्हिडंडची तारीख पाहा, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर विकला तरी जाहीर झालेला लाभांश तुम्हालाच मिळतो ती. लाभांश पूर्ण मिळतो, पण शेअर विकताना ५ टक्के कापले जातात. समजा ५ पेन्सचा लाभांश जाहीर झालाय. आधी विकलात तर ७४.१. थांबलात तर ५ पेन्स हातात आणि एनएव्ही ७३ वर आली, तिचे ५ टक्के कापून ६९.३५, एकूण ७४.३५. पाव पेन्सचा फायदा, तुमच्या शेअरांवर ४७ पौंड. एवढ्यासाठी महिनाभर ताटकळू नका, पण तारीख पुढच्या आठवड्यात असेल तर थांबा. एखादी मोठी कंपनी विकली गेल्यावर ट्रस्ट कधी कधी घसघशीत खास लाभांश देतो. तेव्हा मात्र हा हिशेब नक्की मांडा.

आता तुमचा लाभांश रोख येत नाही, त्याचे नवे शेअर येतात, ही गोष्ट तुम्ही पत्रात सहज लिहिलीत. मला तीच सगळ्यात जास्त टोचली. ती योजना आजच बंद करा, विकायच्या आधी. रजिस्ट्रारला लिहून कळवावं लागतं, खात्यातल्या शेअरांसाठी ब्रोकरला. कारण असं. असे मिळालेले शेअर कायद्याने नवी गुंतवणूक धरली जाते, त्यांच्यावर वेगळी सूट मिळते आणि प्रत्येक खेपेचं पाच वर्षांचं घड्याळ नव्याने सुरू होतं. म्हणजे तुमच्याकडे दोन गठ्ठे आहेत असं मी वर म्हटलं ते सोयीसाठी. प्रत्यक्षात मधे मधे छोट्या पुरचुंड्या आहेत, प्रत्येकीची सुटकेची तारीख वेगळी. त्यांची यादी रजिस्ट्रारकडून मागवून घ्या. आता तुमच्या सल्लागाराचा बेत. तो सहा महिन्यांच्या नियमाने मोडतो.

नियम असा : एखाद्या व्हीसीटीचे शेअर विकले आणि त्याच्या सहा महिने आधी किंवा नंतर त्याच व्हीसीटीचे नवे शेअर घेतले, तर विक्रीची रक्कम नव्या गुंतवणुकीतून वजा करून उरलेल्यावरच सूट मिळते. पूर्वी लोक पाच वर्षं झाली की तेच शेअर विकून तेच परत घेत आणि पुन्हा सूट उकळत. एप्रिल २०१४ पासूनच्या नव्या शेअरांना सरकारने हे दार लावून टाकलं. तुम्ही जुने १९ हजार ७४.१ ने विकले तर १४,०७९ पौंड येतात. सल्लागाराच्या सांगण्याप्रमाणे त्याच ट्रस्टमध्ये १५ हजार टाकले तर सूट फक्त ९२१ पौंडांवर. आणि तीही ३० टक्के नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पाने एप्रिल २०२६ पासून नव्या शेअरांवरची सूट २० टक्क्यांवर आणली. १८४ पौंडांसाठी १५ हजार आणखी पाच वर्षं गुंतवायचे, तेही तुम्ही पुण्यात असताना! सल्लागाराला यात नियम माहीत नाही की नव्या इश्यूवरचं शुल्क तेवढं दिसतंय, हे मी कशाला सांगू. दुसऱ्या ट्रस्टमध्ये टाकायचं म्हणाला तर सहा महिन्यांचा नियम लागत नाही, पण पाच वर्षांचा लागतोच. तुम्ही परत जाताय, नवे घेऊच नका.

२०२३ च्या गठ्ठ्याकडे येऊ. दिरांचं ऐकून तोही आत्ता विकलात तर पाच वर्षं पूर्ण न झाल्यामुळे सूट परत द्यावी लागेल. किती, यात लोकांचा गोंधळ होतो. त्रयस्थाला रास्त भावाने विकल्यावर विक्रीच्या रकमेच्या ३० टक्के परत घेतात, मिळालेल्या सुटीपेक्षा जास्त मात्र कधीच नाही. तुम्हाला ४,५०० पौंड सूट मिळाली होती. समजा आज त्या शेअरांचे ११ हजार आले, तर ३,३०० परत जातील, हातात ७,७०० राहतील. आणि एचएमआरसीला, म्हणजे इंग्लंडच्या करखात्याला, हे तुम्ही स्वतःहून कळवायचं असतं. जानेवारी २०२८ पर्यंत धीर धरलात तर ते ३,३०० तुमचेच. इंग्लंड सोडल्यामुळे सूट जात नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं; घाबरून विकणारे पाहिलेत मी. शेअर धरून ठेवणं महत्त्वाचं, तुम्ही कुठे राहता ते नाही.

जुने विकताना नव्यांना धक्का लागेल का, ही शंका तुमच्या मनात येईलच. नाही लागत. एकाच ट्रस्टचे अनेक वेळा घेतलेले शेअर असतील तर आधी घेतलेले आधी विकले असं धरतात. २०१८ च्या खेपेएवढेच विका, एकही जास्त नको. नवऱ्याच्या नावावर करून काही साधेल का, असंही काही जण विचारतात : नवरा-बायकोत दिल्याने सूट जात नाही, घड्याळही तेच चालू राहतं, पण तुमच्या बाबतीत कागदपत्रं वाढण्यापलीकडे काही होणार नाही.

२० हजारांचे १४ हजार झाले, हा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येईल का? इंग्लंडमध्ये नाही. व्हीसीटीच्या नफ्याला कर नाही, म्हणून तोट्यालाही किंमत नाही. मात्र ६ हजार सूट मिळाली आणि आठ वर्षांचा करमुक्त लाभांशही, तो तुम्ही शेअरच्या रूपाने घेतलात म्हणून डोळ्यांसमोर नाही एवढंच.

दिरांच्या ‘भारतातली कटकट’ या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, फक्त तारीख चुकली. भारतात गेल्या गेल्या तुमचं सगळं जग भारताच्या करात येत नाही. इतकी वर्षं बाहेर राहून परतणाऱ्याला मधला काळ मिळतो, आरएनओआर, म्हणजे निवासी पण ‘सामान्य निवासी’ नव्हे. मागच्या १० पैकी ९ आर्थिक वर्षं तुम्ही अनिवासी असाल तर हा दर्जा मिळतो. तुम्ही डिसेंबर २०२६ मध्ये जाल. गेल्या चार वर्षांत भारतवाऱ्यांचे एकूण दिवस ३६५ च्या आत असतील तर २०२६-२७ हे वर्ष अनिवासीच धरलं जाईल, आणि मग २०२७-२८ आणि २०२८-२९ ही दोन वर्षं आरएनओआरची. या काळात परदेशातल्या शेअरांचा नफा आणि लाभांश, तो परदेशातच जमा झाला तर, भारतात करपात्र नाही. आता जानेवारी २०२८ कुठे पडतो ते बघा. बरोबर मधे. म्हणजे जानेवारी २०२८ ते मार्च २०२९ या सव्वा वर्षात २०२३ चे शेअर विकले तर इंग्लंडची सूट शाबूत आणि भारतात कर शून्य. सव्वा वर्षात बायबॅकचे दोन-चार मोसम सहज येतात, म्हणून पहिल्या खेपेला नाही जमलं तरी घाबरायला नको. पासपोर्टवरचे शिक्के घेऊन एकदा पुण्यातल्या सीएकडे बसा आणि दिवस मोजून घ्या. सगळं गणित त्या दिवसांवर उभं आहे. पैसे मात्र आधी इंग्लंडच्या बँक खात्यात येऊ द्या, मग भारतात आणा. ते खातं बंद करू नका. परत गेल्यावर भारतात आरएफसी (परतलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं) खातं उघडता येतं, पौंड पौंडातच ठेवायचे असतील तर तिथे ठेवता येतात. आणि बाहेर असताना घेतलेले परदेशी शेअर भारतात परतल्यावर बाळगायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाही.

एप्रिल २०२९ नंतर मात्र चित्र बदलतं. तेव्हा तुम्ही पूर्ण निवासी. व्हीसीटीचा लाभांश, जो इंग्लंडमध्ये करमुक्त होता, भारतात तुमच्या उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणे कर. इंग्लंडमध्ये कर भरलेलाच नाही, तर वजावट कशाची मागणार? विक्रीचा नफा, २४ महिन्यांहून जास्त धरलेल्या शेअरावर १२.५ टक्के, वर अधिभार-उपकर. त्यात पौंडाची मेख आहे : २०१८ मध्ये पौंड नव्वदीच्या घरात होता, आता शंभरच्या बराच वर आहे, त्यामुळे पौंडात चौथाई तोटा झालेला शेअर रुपयात जवळजवळ बरोबरीत दिसतो, आणि पौंडात बरोबरीत असलेल्यावर रुपयात नफा निघून कर लागतो. शिवाय दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरायचं, प्रत्येक धारणेसह. चुकलं तर काळ्या पैशाच्या कायद्याचा दंड भारी असतो. लाभांशातून आलेल्या छोट्या पुरचुंड्यांसाठी हे सगळं करत बसायचं नसेल तर त्याही मार्च २०२९ च्या आत काढा. योजना आज बंद केलीत तर शेवटची पुरचुंडीही अजून पाच वर्षांच्या आतली असेल. तेव्हा दोन-तीनशे पौंडांच्या शेअरांवरची साठ-नव्वद पौंडांची सूट परत गेली तरी शेड्यूल एफएपेक्षा स्वस्त, असं माझं मत. सीए वेगळं म्हणाला तर त्याचं ऐका.

आता कागदी सर्टिफिकेट. यात वेळ जातो, म्हणून हे काम या आठवड्यात काढा. सगळे ब्रोकर कागदी शेअर विकून देत नाहीत, तुमच्या ॲपवालेही कदाचित नाहीच म्हणतील. देणारा शोधा, ओळखीची कागदपत्रं देऊन ग्राहक व्हा. हे पत्ता रेडिंगचा असेपर्यंतच सोपं आहे. कोथरूडच्या पत्त्यावर लंडनच्या ब्रोकरकडे नवं खातं उघडणं म्हणजे नाकी नऊ. ते एक ट्रान्सफर फॉर्म पाठवतील, त्यावर सही करून मूळ सर्टिफिकेट नोंदणीकृत टपालाने जातं, आणि कागदी सौद्याचे पैसे यायला नेहमीच्या दोन दिवसांऐवजी दहा कामकाजी दिवसांपर्यंत लागतात. सर्टिफिकेट सापडत नसेल तर रजिस्ट्रारकडून हमीपत्राचा फॉर्म आणि शुल्क, आणि रक्कम मोठी असली तर त्यावर बँकेची किंवा विमा कंपनीची सही. ती मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

आणि नाव. आपल्याकडचा हा खास घोळ. सर्टिफिकेटवर नवऱ्याच्या नावासह लांबलचक तिहेरी नाव, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, ब्रोकरकडे नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी रजिस्ट्रार फॉर्म परत पाठवतो. सर्टिफिकेट काढा, त्यावर जसं आहे तसंच, टिंबासकट, ब्रोकरच्या खात्यात आहे का ते आज रात्री पाहा. नसेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत लागेल. खात्यातल्या नव्या शेअरांसाठीही एक विचारून ठेवा : पत्ता भारतातला झाल्यावर हा प्लॅटफॉर्म तुमचं खातं चालू ठेवणार का? काही जण फक्त विकायला परवानगी देतात, तेवढी तुम्हाला पुरेल. काही खातंच बंद करायला सांगतात. उत्तर लेखी घ्या. नाही म्हणाले तर निघायच्या आधी दुसरीकडे हलवा. हलवणं म्हणजे विकणं नव्हे, त्याने सूट जात नाही.

तो ९५ पेन्सवाला. तुमचं नाव त्याला कुठून कळलं याचं नवल वाटून घेऊ नका, इंग्लंडमध्ये कंपनीच्या भागधारकांची नोंदवही कायद्याने मागून पाहता येते. एनएव्ही ७८ असलेला शेअर, जो बाजारात ६९ ला मिळतो, तो कोणी ९५ ला का घेईल? अजून पैसे मागितले नसतील, पण मागेल : आधी कर भरा, अनामत द्या, शेअरवरचा निर्बंध उठवायला बॉंड घ्या, सौदा झाला की सगळं परत. ही जुनी पद्धत आहे आणि त्यात पडणारे लोक शिकलेसवरलेले असतात. खात्रीच करायची तर त्याने सांगितलेल्या कंपनीचं नाव एफसीए या इंग्लंडच्या वित्तीय नियामकाच्या नोंदवहीत शोधा आणि तिथे दिलेल्या नंबरवर तुम्ही फोन लावा, त्याने दिलेल्या नाही. बहुधा त्या नावाची खरी कंपनी सापडेल आणि तिने तुम्हाला कधी फोनच केलेला नसेल. त्याला सर्टिफिकेटचा फोटो पाठवला असेल तर रजिस्ट्रारला आजच कळवा आणि खात्यावर नोंद करून घ्या.